आमचं घर मालिकेत होतं तेव्हा

"आई, जरा हलू नका, तुमच्या लुगड्याचा आवाज येतोय."

हे आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच आईला, कानाला हेडफोन लावलेल्या एका पंचविशीच्या पोराने ऐकवलं. ती काही करत नव्हती, नुसती फडताळाला टेकून उभी होती. पण लुगडं खळीचं होतं आणि पलीकडे माजघरात एक सून सासूची माफी मागत होती. त्या दिवशी रात्री आईने बायकोला विचारलं, "उद्यापासून कुठलं नेसू गं, जुनं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण घर नुसतं भाड्याने दिलेलं नाही.

मालिकेचं नाव सांगत नाही. पुढे पैशांचं बोलणं येणार आहे, आणि ती माणसं आमच्याशी वाईट वागली असंही नाही.

आमचं गाव वाईजवळ, कृष्णेच्या काठी. या भागाला शूटिंगचं नावीन्य नाही. 'गंगाजल' वाईत झाला, 'स्वदेस' मेणवलीच्या घाटावर झाला, आणि गावातला चाळिशीपुढचा कुठलाही माणूस गाठा, तो कुठल्या ना कुठल्या गर्दीत उभा राहिलेला असतो. पण सिनेमा घाटावर येतो, देवळात येतो, महिनाभराने जातो. मालिका घरात येते आणि राहते. हा फरक आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

वाडा पणजोबांनी बांधलेला. दिंडी दरवाजा, आत चौक, तिन्ही अंगांनी सोपे, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, वर माडी. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात २०१९च्या पावसात मागची पडवी बसली होती आणि कौलं शाकारायला माणूस मिळत नव्हता. त्यामुळे सप्टेंबरात एक लोकेशन मॅनेजर दारात उभा राहिला आणि "वाडा बघू का?" म्हणाला, तेव्हा थोरल्या काकांनी त्याला आधी पडवीच दाखवली. म्हणजे दया येऊन पैसे वाढवेल असा हिशेब.

त्याने पडवीकडे बघितलंही नाही. कोरीव खांबांकडेही नाही, याचं काकांना जास्त वाईट वाटलं. त्याचे प्रश्न वेगळेच होते. मोठी गाडी दारापर्यंत येते का? जनरेटर कुठे उभा राहील? संडास किती? जवळ शाळा आहे का, मंगल कार्यालय आहे का, पिठाची गिरणी किती लांब? गिरणी दोन घरं सोडून आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. नंतर गिरणीवाल्याशी वेगळा करार झाला. तो शूटिंगच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर दळायचा आणि दिवसाचे पैसे घ्यायचा. या सगळ्या प्रकरणात सर्वांत फायद्यात तोच राहिला असं माझं मत आहे.

आठवड्याने दुसरी रेकी, म्हणजे जागेची पाहणी, झाली. दिग्दर्शक, कॅमेरामन, आर्ट डायरेक्टर, साउंडवाला. कॅमेरामनने खिडक्यांच्या दिशा बघितल्या. साउंडवाल्याने माजघराच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, कान टवकारले आणि मान हलवली. मातीच्या भिंती, शेणाचं सारवण, वर लाकडी तक्तपोशी, त्यामुळे आवाज घुमत नाही म्हणे. सारवण काढून फरशी घाला म्हणून मी दहा वर्षं आईच्या मागे लागलो होतो. तिने त्या क्षणी माझ्याकडे जे बघितलं ते शब्दांत लिहिण्यासारखं नाही.

कराराचं काम बायकोने केलं, कारण ती शाळेत शिकवते आणि न वाचता सही करत नाही. दिवसाचा दर ठरला. पण तो कुठल्या दिवसाचा? यात तीन प्रकार निघाले. शूटिंगचा दिवस पूर्ण दराचा. सेट लावायचा-काढायचा दिवस अर्ध्या दराचा. आणि तिसरा 'होल्ड'चा, म्हणजे शूटिंग नाही, पण त्यांचं सामान जागच्या जागी आहे आणि आपण ते हलवायचं नाही. पहिल्या मसुद्यात होल्डला शून्य रुपये होते. बायको म्हणाली, "महिन्यातले पंधरा दिवस तुम्ही येणार आणि उरलेले पंधरा दिवस आम्ही तुमचा सोफा राखत बसणार, फुकट?" ते पाव दरावर आले. शिफ्ट बारा तासांची, पुढे जाईल तसा जादा आकार. देवघरात कॅमेरा नाही. चपला उंबऱ्याबाहेर. मोडतोडीसाठी अनामत. मालिका चालू असेपर्यंत घर दुसऱ्या मालिकेला द्यायचं नाही, आणि काढलेलं चित्रण कायमचं त्यांचं. ही शेवटची ओळ आम्ही वाचली, समजली नाही, पुढे गेलो. भाड्यातून दहा टक्के टीडीएस कापला जाणार आणि रक्कम बिल दिल्यापासून नव्वद दिवसांनी मिळणार. नव्वद दिवसांचं कळल्यावर काका म्हणाले, "म्हणजे आपण त्यांना उसने देतोय."

बायकोने आणखी एक केलं, ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. युनिट यायच्या आदल्या रात्री घरातल्या प्रत्येक भिंतीचा, दाराचा, फरशीच्या टवक्याचा फोटो काढून ठेवला. खांबावरचा जुना ओरखडा कुणाचा, आमच्या मांजराचा की त्यांच्या ट्रॉलीचा, हा वाद सहा महिन्यांनी झाला आणि दोन मिनिटांत मिटला.

भांड्यांचे फोटो मात्र काढायचे राहिले.

दसऱ्यानंतर शूटिंग सुरू झालं. सकाळी सहाला टेम्पो, जनरेटर, मेकअपची गाडी, दोन बस. सत्तर माणसं. कॅमेऱ्यापुढे नारळ फुटला, पेढे वाटले आणि पहिल्याच शॉटला मालिकेचा नायक माजघराच्या दारातून बाहेर येताना वरच्या चौकटीला ताडकन आपटला. आमची आतली दारं बुटकी आहेत. आम्ही जन्मापासून वाकतो, म्हणजे वाकतो हेही ठाऊक नसतं. तो सहा फूट उंच. बर्फ आला, अर्धा तास गेला. मग चौकटीच्या वरच्या पट्टीला आतून फोम चिकटवला आणि दिग्दर्शकाने त्याला सांगितलं, "तू या घरात वाढलायस ना? मग वाक. लहानपणापासून वाकतोयस तू." पुढच्या टेकला तो वाकला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो असा सहज वाकायला लागला, की आई म्हणाली, "आता हा आपल्यातला वाटतो."

त्यांच्यात सगळ्यांना दादा. आर्टदादा, स्पॉटदादा, लाइटदादा. आणि सत्तर माणसांची आमची आई ही 'आई'. आर्टदादा फडताळातली भांडी मांडत होता. आमची सगळी तांब्यापितळेची भांडी, आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं. कुणाच्या लग्नाचा आहेर, कुणाची मुंज, कुणी दिलं, कधी दिलं. मालिकेतल्या घराण्याचं आडनाव वेगळं. म्हणून त्याने एकेक भांडं हातात घेऊन नावाची बाजू भिंतीकडे फिरवली. पातेली, घंगाळ, परात, कळशी. फडताळभर पाठमोरी भांडी. आजीच्या पितळी डब्यावर आडनाव नव्हतं, नुसतं 'मामाकडून सप्रेम भेट, १९४९' असं होतं. तो म्हणाला, "हा चालेल, मामा सगळ्यांनाच असतो," पण सालाच्या भीतीने तोही फिरवला. आई हे बघत होती. काही बोलली नाही, पण संध्याकाळी पॅकअप झाल्यावर तिने सगळी भांडी पुन्हा सरळ केली. सकाळी त्याने फिरवली. हे बरेच दिवस चाललं. मग एक मुलगी आली, तिच्या हातात टॅब आणि टॅबमध्ये प्रत्येक सीनचे फोटो, आणि तिने आईला कंटिन्युइटी समजावून सांगितली: सीनच्या सुरुवातीला कळशी डावीकडे असेल तर चार दिवसांनी त्याच सीनचा उरलेला भाग घेतानाही ती डावीकडेच हवी, नाहीतर बघणाऱ्याच्या डोळ्याला खटकतं. आईला हे ताबडतोब पटलं. तिचं स्वतःचं स्वयंपाकघर याच तत्त्वावर चालत आलेलं आहे.

मालिकेच्या अर्ध्या तासात प्रत्यक्ष गोष्ट बावीसेक मिनिटांची असते. आठवड्याला सहा भाग. म्हणजे दिवसाला साधारण एक भाग हातावेगळा झाला पाहिजे, नाहीतर बँक आटते. बँक म्हणजे चित्रित करून ठेवलेले, अजून न दाखवलेले भाग. युनिटमधला प्रत्येक माणूस बँकेच्या काळजीत असतो. तरी दोन मिनिटांच्या भांडणाला दोन तास लागतात. आधी सगळे एकत्र दिसतील असा मास्टर. मग हिच्या खांद्यावरून तिचा चेहरा, ज्याला ते सजेशन म्हणतात. मग उलट. मग दोघींचे क्लोज. मग ऐकणाऱ्या पाच जणांच्या नुसत्या प्रतिक्रिया. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बघायची, कारण तेवढीच पायरी कॅमेऱ्यात येत नसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी निबंध दिला, 'माझी आजी'. हिने लिहिलं, 'माझी आजी रोज सकाळी उठून बँक किती आहे ते विचारते.'

उजेडाची गंमत आम्हाला शेवटपर्यंत सवयीची झाली नाही. दिवसा रात्रीचा सीन असेल तर खिडक्या-दारं काळ्या कापडाने बंद करायचे. रात्री दिवसाचा सीन असेल तर खिडकीबाहेर परसात स्टँडवर मोठा दिवा चढवायचा, पुढे पांढरं कापड ताणायचं, की माजघरात सकाळ. एकदा रात्री नऊला असा सूर्य लागला आणि शेजारच्यांचा कोंबडा आरवायला लागला. एकदा नाही, सलग. साउंडवाला डोकं धरून बसला. शेवटी कोंबड्यावर पाटी पालथी घातली. काका त्या काळात जेवायची वेळ मनगटावरच्या घड्याळावरून ठरवायचे. भिंतीवरच्या घड्याळाचा उपयोग नव्हता, ते गोष्टीतली वेळ दाखवायचं.

फ्रीजचं सांगायला हवं. त्याच्या घरघरीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून शॉटच्या वेळी तो बंद करत आणि पहिल्या आठवड्यात दोनदा चालू करायला विसरले. चार लिटर दूध गेलं. तिसऱ्या वेळी बायको काही बोलायच्या आत तो हेडफोनवाला पोरगा आला, त्याने आपल्या मोटरसायकलची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली आणि मग बटण बंद केलं. आता किल्ली घ्यायला फ्रीज उघडल्याशिवाय घरी जाता येणार नाही. त्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे म्हणाला. त्यानंतर दूध नासलं नाही.

आम्ही स्वतः कुठे राहत होतो? माडीवरच्या दोन खोल्यांत. येणं-जाणं परसदाराने. "सायलेन्स" अशी आरोळी आली की जिथे असू तिथे थांबायचं, शिंक आली तर नाक दाबायचं. जिना वाजतो म्हणून शॉट चालू असताना खाली उतरायची बंदी. एकदा मी सव्वा तास माडीवर अडकलो आणि वाईतलं आमचं दुकान अकराला उघडलं.

तक्रारी होत्या. आमची शौचालयाची टाकी सहा माणसांच्या हिशेबाने बांधलेली. करारात 'युनिटसाठी फिरतं शौचालय' असं लिहिलं होतं, ते पहिल्या शेड्यूलला आलं, दुसऱ्याला आलं नाही, आणि डिसेंबरात टाकी भरून वर आली. तो दिवस मालिकेतल्या साखरपुड्याचा होता. नटूनथटून चाळीस जण आणि त्यात सक्शनची गाडी. कॅमेऱ्यात वास येत नाही एवढंच. बिल कुणी द्यायचं यावर तीन आठवडे गेले आणि अखेर ते अनामतीतून वळतं केलं. दुसरं म्हणजे आमच्या मीटरवर त्यांनी हळूच इस्त्री आणि चहाची शेगडी जोडली. जनरेटर असताना! मीटरचं रीडिंग सकाळी आणि पॅकअपनंतर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या, ही पद्धत आम्ही जानेवारीत सुरू केली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

आणि तिरडी. मालिकेतले आजोबा जाणार होते. टीआरपीसाठी कुणीतरी जावंच लागतं, आणि ते गृहस्थ दुसरीकडे नाटकात अडकले होते. चौकात तिरडी बांधायची म्हटल्यावर आई पहिल्यांदा ठाम उभी राहिली. खऱ्या घरात खोटी तिरडी नाही. इपी, म्हणजे सगळा कारभार बघणारा तो माणूस, अर्धा तास तिची समजूत काढत होता. तो सोलापूरकडचा. शेवटी म्हणाला, "आई, माझ्या आईनेही नाहीच म्हटलं असतं." मग तोडगा निघाला. तिरडी परसदाराने आत येईल, दिंडी दरवाजातून नाही. खरी कामटी नाही, प्लास्टिकचे पाइप रंगवून. मडकं फुटणार नाही. शॉट संपल्यावर त्या नटाला उठवून कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलं आणि तोही शॉट घेतला. वापरायचा नसतो, पण घेतात. आईने तरी सगळ्यांची पाठ फिरल्यावर चौकात गोमूत्र शिंपडलंच. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांचा हार घातलेला फोटो आमच्या सोप्यात लागला, आमच्या आजोबांच्या जागेवर. आमचे आजोबा कापडात गुंडाळून कोठीच्या खोलीत. महिन्याभराने स्वप्नदृश्यासाठी ते नट परत आले, तेव्हा स्वतःच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून निवांत चहा पीत होते. काकांनी त्यांना विचारलं, "कसं वाटतं?" ते म्हणाले, "डेलीचे पैसे मिळतायत, वाईट काय?"

मालिका चालली. मग रविवारी माणसं यायला लागली. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून यायच्या. दिंडी दरवाजापुढे सेल्फी, आत डोकावणं. एका आजीबाईंनी आमच्या आईचा हात धरून रडत विचारलं, "सूनबाई बऱ्या आहेत ना आता?" आई म्हणाली, "बऱ्या आहेत, माहेरी गेल्यात." मी नंतर म्हटलं, खरं का नाही सांगितलंस? तर म्हणे, "ती बाई एवढ्या लांबून आली, तिला काय नाही म्हणू?" माझी बायको त्याच वेळी ओट्यावर बसून पेपर तपासत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

मार्च २०२०. बातम्या येत होत्या, तरी बँक वाढवायची म्हणून घाई चालली होती. गुढीपाडवा पंचवीस मार्चला होता. मालिकेतला पाडवा त्यांनी दहा दिवस आधीच उरकला. आमच्या दिंडी दरवाजावर जरीच्या खणाची मोठी गुढी उभी राहिली, दारात झेंडूची तोरणं, चौकभर रांगोळी. सिनेमा-मालिकावाल्यांच्या संघटनांनी एकोणीस मार्चपासून शूटिंग थांबवायचं ठरवलं होतं. अठराला रात्री पॅकअप झालं. इपी म्हणाला, "आई, एकतीसपर्यंत बंद आहे, एकला आम्ही हजर. सामान जसंच्या तसं असू द्या."

जसंच्या तसं राहिलं. साडेतीन महिने.

पंचवीसला खरा पाडवा आला तेव्हा देश बंद होऊन काही तास झाले होते. फुलं नाहीत, साखरेच्या गाठी नाहीत. दारावर त्यांची प्लास्टिकच्या झेंडूंची तोरणं होतीच. आईने घरातली काठी काढली, माझ्या लग्नातला खण लावला आणि परसात छोटी गुढी उभारली. पुढच्या दारी नाही, कारण तिथे मालिकेची होऊन गेली होती. टीव्हीवर त्याच संध्याकाळी आमच्या दारातली ती जरीची गुढी दाखवली. आम्ही बंद घरात बसून आमचंच उघडं घर बघत होतो, चाळीस पाहुणे, पुरणपोळ्या, हळदीकुंकू. मग बँक संपली आणि जुने भाग लागायला लागले.

त्या साडेतीन महिन्यांत आम्ही सेटमध्ये राहिलो. सोप्यातला त्यांचा सोफा, त्यांची झुंबरं, कोनाड्यात त्यांचे फोटो, भिंतीवर त्यांनी मुद्दाम काढलेले ओलीचे डाग. भांडी पाठमोरी. पहिला महिना आम्ही काहीच हलवलं नाही, न जाणो उद्या येतील. मे महिन्यात उकाडा वाढला तेव्हा काका त्या सोफ्यावर झोपायला लागले. होल्डचे पैसे मागितले तर दैवी आपत्तीच्या कलमाकडे बोट दाखवलं गेलं. ते कलम बायकोने वाचलं होतं, पण त्यात महामारी येईल असं कुणाच्या डोक्यात होतं? खूप फोन झाल्यावर एका महिन्याचं मिळालं. त्यांचेही रोजंदारीवरचे लोक घरी बसले होते हे आम्हाला माहीत होतं. स्पॉटदादा गावाकडून व्हिडिओ कॉल करून आईची चौकशी करायचा. त्यामुळे आम्ही ताणलं नाही.

तीस मेच्या सुमारास सरकारने अटींवर परवानगी दिली. मोजकीच माणसं, मास्क, तपासणी, आणि पासष्टच्या पुढच्यांना सेटवर बंदी. मालिकेतल्या आजी बहात्तरच्या. मग गोष्टीत त्या काशीला गेल्या आणि तिथेच राहिल्या, अधूनमधून फोनवर आवाज यायचा. ही अट उच्च न्यायालयाने सात ऑगस्टला रद्द केली, आणि आजी काही दिवसांनी काशीहून आल्या. आमची आई हे सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं शेजारणींना सांगायची, "ऑगस्टात येतात बघ परत."

पण आमच्याकडे कुणी येणार नव्हतं. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, गावाने वेशीवर बांबू आडवे लावलेले, सत्तर माणसांची सोय कोण करणार? ठरलं असं, की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या स्टुडिओत आमचं घर बांधायचं. जूनच्या शेवटी आर्टदादा आणि दोन मुलं पास काढून आली. मास्कमुळे आईने आधी ओळखलंच नाही. तीन दिवस त्यांनी घर मोजलं. खांबाचा घेर, कोनाड्याची खोली, जिन्याची प्रत्येक पायरी. खांबावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासत नक्षी उतरवून घेतली. भिंतीच्या रंगाचा टवका पिशवीत घालून नेला. आणि जाताना आपलं सामान टेम्पोत भरलं.

जुलैच्या मध्याला नवे भाग सुरू झाले. आम्ही सगळे टीव्हीपुढे. माजघर आलं, आणि खरंच सांगतो, अंगावर काटा आला. प्लायवूड आणि प्लॅस्टरचं ते सगळं, पण आमचं. कोनाड्याची काजळीसुद्धा. काका म्हणाले, "कमाल केली पोरांनी." मुलगी म्हणाली, "तुळया नाहीत." नव्हत्याच. वरून दिवे सोडायचे असतात म्हणून सेटला वर छत करत नाहीत, कॅमेराही वर बघत नाही. मग मलाही दिसायला लागलं. कॅमेरा अशा ठिकाणाहून बघत होता जिथे आमची भिंत आहे. तिथली भिंत काढता येते.

आई गप्प होती. नायक आतून आला, दारातून बाहेर पडला, चौकात गेला. ती म्हणाली, "वाकला नाही."

दार त्यांनी सहा इंच उंच केलं होतं. परत कुणी आपटू नये म्हणून असेल. त्यानंतर आई ती मालिका बघायची, पण स्वयंपाक करता करता, आवाजावर.

आवाजावर बघणाऱ्या बाईला सप्टेंबरात मी हाक मारून बाहेर बोलावलं. पडद्यावर मालिकेतली धाकटी जाऊ एका पितळी डब्यात चोरलेल्या बांगड्या लपवत होती. डब्याचा क्लोज. वर स्वच्छ अक्षरांत, 'मामाकडून सप्रेम भेट, १९४९'. कॅमेरा तिथे चांगला दोन-तीन सेकंद थांबला, वर संगीत.

आईने फडताळ उघडलं. डब्याच्या जागी वर्तुळ होतं, बाकी काही नव्हतं. टेम्पो भरताना मुलांनी त्यांचा समजून नेला होता. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आईने त्या काळात भांडी सरळ केलीच नव्हती.

मी लगेच इपीला फोन लावला. तो मनापासून ओशाळला. सतरा वेळा सॉरी म्हणाला. मग थोडा थांबला आणि म्हणाला, "पण दादा, आता तो कंटिन्युइटीत आहे हो. बांगड्यांचा ट्रॅक चालू आहे. तो डबा आता बदलता येत नाही." मी आईकडे बघितलं. तिला स्पीकरवर ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. डबा बदलला तर लोकांच्या लक्षात येईल." आणि मग फोनजवळ येऊन, "त्यात ओलं काही ठेवू नका म्हणावं."

बांगड्यांचा ट्रॅक नोव्हेंबरपर्यंत चालला. कोण चोर ते कळल्यावरही डबा मागच्या फडताळात दिसत राहिला, नाव पुढे करून. वाईतल्या भांडेवाल्याने मला विचारलं, "त्या मालिकेतल्यासारखा डबा करून द्या म्हणतात बायका, सालासकट. तुमचाच ना तो?"

२०२१मध्ये मालिका संपली. त्यांची अनामत आम्ही टाकीचं बिल वजा करून परत केली. टीडीएसच्या एका तिमाहीची नोंद मात्र आणखी दोन महिने छळत राहिली. भाड्याच्या पैशांत पडवी उभी राहिली, कौलं बदलली, आणि दुसरी टाकी बांधली, मोठी. डबा कुरिअरने आला, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये चार पदरी गुंडाळून. बुडाला स्टिकर होता: 'माजघर १४'. आईने चिंच लावून डबा घासला. स्टिकर निघाला, त्याचा डिंक निघेना. खोबरेल लावून बघितलं, रॉकेल कुठून मिळतंय आता. शेवटी तिने त्यात परत मेथ्या भरल्या आणि नाव पुढे करून ठेवून दिला. खालून हात लावला की अजून चिकट लागतो.